वार, पाळी आणि ऋण

तमिळमध्ये ‘कडन्’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. बँकेच्या दारावर ‘कल्विक् कडन्’ अशी पाटी असते तेव्हा तो कर्ज सांगत असतो, शिक्षणासाठीचे कर्ज. जुन्या तमिळमध्ये मात्र हाच शब्द कर्तव्याचा आहे. ‘पुऱनानूऱु’ या संघकाळातल्या संग्रहात एक कविता आहे. तिच्यात एक आई आपल्या मुलाच्या बाबतीत कोणाचे काय ‘कडन्’ ते सांगते : स्वतःचे, मुलाच्या बापाचे, भाला घडवणाऱ्या लोहाराचे, राजाचे आणि शेवटी खुद्द मुलाचे. तिथे कोणी कोणाकडून पैसे घेतलेले नाहीत, तरी प्रत्येकजण काही देणे लागतो. मराठीत आणताना मला एका ठिकाणी ‘कर्ज’ लिहावे लागते, दुसऱ्या ठिकाणी ‘कर्तव्य’, आणि दोहोंमधला धागा तुटतो. ‘ऋण’ त्यातल्या त्यात जवळचा शब्द, पण तो आपण आता आभाराच्या भाषणांपुरता राखून ठेवला आहे.

तिरुवल्लिकेणीत राहणाऱ्याला हा धागा विसरता येत नाही. ही विद्यार्थ्यांची वस्ती आहे. समुद्राच्या बाजूला विद्यापीठ आणि प्रेसिडेन्सी कॉलेज, आत पार्थसारथीच्या देवळाभोवतीच्या गल्ल्या, आणि मधल्या रस्त्यांवर ‘मॅन्शन’ म्हणून ओळखली जाणारी लॉजे. तिथल्या लहान खोल्यांत बाहेरगावची मुले राहतात, परीक्षांची तयारी करतात, नोकरीची वाट पाहतात. त्यांतल्या अनेकांच्या डोक्यावर कडन् आहे. प्रश्न असा की ते कोणत्या अर्थाने आहे. शिकणारा माणूस देणे लागतो हे सगळ्यांनाच मान्य असते. पण काय, कोणाला, आणि कधीपर्यंत?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक जुने उत्तर होते : वार. गरीब मुलगा शिकायला शहरात आला की सात घरे धरायचा. सोमवारी एका घरी जेवायचा, मंगळवारी दुसऱ्या. पुण्यात वार लावून शिकलेल्यांच्या आठवणींनी मराठी आत्मचरित्रांची कितीतरी पाने भरली आहेत. तमिळमध्ये याच पद्धतीला ‘वारच् चाप्पाडु’ म्हणतात. दोन भाषांनी एकाच संस्कृत शब्दाला धरून एकच सोय उभी केली, आणि बहुधा एकच दुखणेही. सात घरी जेवणाऱ्या मुलाला सात घरांचे स्वभाव पाठ असतात. कोणत्या वारी तूप मिळते, कोणत्या वारी ताक पातळ असते, कोणत्या घरी वाढणारा हात मध्येच थांबतो, हे त्याला पोथीइतके पक्के येते. बदल्यात कोणी काही मागत नाही, म्हणूनच तो सगळे करतो : पूजेची फुले आणतो, घरातल्या पोराला उजळणी घेऊन बसतो, यजमानांच्या मतांना मान डोलावतो. न मागितलेले देणे फेडायला सर्वांत अवघड, कारण ते केव्हा फिटले हे सांगणारा कोणी नसतो.

वाराची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. ज्या समाजात शिष्यवृत्त्या नव्हत्या, तिथे शेकडो मुले त्यावर शिकली. पण ती सोय बहुतेक ब्राह्मणांच्या मुलांपुरती होती, आणि तिच्यात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली हे कधी बदलत नव्हते. श्रीमंताच्या मुलाला फुले आणावी लागत नव्हती. देणे होते ते फक्त गरिबाला.

याच शतकात अमेरिकेत वेगळे उत्तर शोधले गेले. मॅसॅच्युसेट्समध्ये मेरी लायन या शिक्षिकेने १८३७ साली माउंट होल्योक येथे मुलींसाठी विद्यालय काढले. वर्षाची फी ६० डॉलर, राहण्याजेवणासकट. इतकी कमी फी परवडावी म्हणून तिथे नोकरचाकर ठेवले नाहीत. पाव भाजणे, टेबले मांडणे, भांडी धुणे, झाडलोट हे सगळे मुलींनी वाटून घ्यायचे, प्रत्येकीने दिवसाला साधारण तासभर. १८४७ साली एमिली डिकिन्सन नावाची सोळा वर्षांची मुलगी तिथे दाखल झाली. पुढे ती अमेरिकेची मोठी कवयित्री ठरली. तिच्या वाट्याला सुऱ्या आल्या होत्या. सकाळी आणि दुपारी टेबलांच्या पहिल्या रांगेवरच्या सुऱ्या उचलून न्यायच्या, रात्री तेवढ्याच धुऊन पुसायच्या. मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात तिने हे सांगितले आहे, दिवसाचे वेळापत्रकही दिले आहे : सहाला उठणे, सातला न्याहारी, आठला अभ्यास, नऊला प्रार्थना आणि मग एकामागून एक पाठ. सुऱ्यांबद्दल तक्रार नाही. हे काम आपल्यालाच का, असा प्रश्नही नाही, कारण वकिलाच्या घरातली ती आणि शेतकऱ्याच्या घरातली तिची सोबतीण, दोघींना काही ना काही काम होतेच.

मराठीत या कामाला काय म्हणावे? ‘कर्तव्य’ फार जड होते, ‘घरकाम’ फार घरगुती. मला ‘पाळी’ हा शब्द योग्य वाटतो. आज पाणी भरायची पाळी कोणाची, असे आपण म्हणतो त्या अर्थाने. पाळी फिरत जाते. ती आली म्हणून कोणी लहान होत नाही, कारण उद्या ती दुसऱ्याकडे जाणार असते. मेरी लायनचे म्हणणेही असेच होते. मुलींना घरकाम शिकवणे हा या कामाचा हेतू नाही, असे तिने बजावून सांगितले होते. ते त्या घरीच शिकून येतात. हेतू होता खर्च कमी करण्याचा आणि सगळ्यांनी मिळून एक घर चालवण्याचा. वारात न सुटणारी गाठ इथे सुटते. देणे आहे, पण ते सगळ्यांना आहे, रोजच्या रोज फिटते, आणि त्यासाठी कोणाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागत नाही.

हे उत्तर निर्दोष नव्हते. त्याच काळात ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात ‘विद्या आणि श्रम’ हे ब्रीद होते, आणि मुलींना मुलांबरोबर पदवीच्या वर्गात घेणारे ते अमेरिकेतले पहिले कॉलेज ठरले. पण तिथल्या पाळीत भेद होता. मुलगे शेतात आणि लाकूडकामात, तर मुली त्याच मुलग्यांचे कपडे धुण्यात आणि शिवणटिपणात. पुढे स्त्रियांच्या हक्कांसाठी लढलेल्या लूसी स्टोनने तिथे मुलींच्या वसतिगृहात तासाला ३ सेंट मजुरीवर काम केले. १८४७ मध्ये पदवी मिळाली तेव्हा समारंभासाठी निबंध लिहायला तिने नकार दिला, कारण तो व्यासपीठावरून वाचणार होता पुरुष. पाळी सगळ्यांत फिरत नसेल तर ती पाळी राहत नाही, नेमून दिलेली चाकरी होते.

दुसरा दोष जास्त खोल आहे. माउंट होल्योकमध्ये मुलींनी आपल्या चुका स्वतः सांगायच्या असत : उशीर झाला, कुजबुज केली, गैरहजर राहिले. इथवर शिस्त म्हणता येईल. पण मुलींची श्रद्धेनुसारही वर्गवारी होत असे. ज्यांनी ख्रिस्ताला आपलेसे केले त्या, ज्यांच्याविषयी आशा आहे त्या, आणि ज्यांच्याविषयी आशा नाही त्या. डिकिन्सनचे नाव शेवटच्या यादीत होते. वर्षभराने ती घरी परतली आणि पुन्हा गेली नाही. त्यामागे तब्येतीपासून वडिलांच्या मर्जीपर्यंत अनेक कारणे सांगतात. मी एकच ठरवणार नाही. एवढे मात्र दिसते की तिने सुऱ्या पुसल्या, पण श्रद्धा उसनी आणून दाखवली नाही. हाताचे काम आणि मनाची कबुली यांमधली रेघ त्या सोळा वर्षांच्या मुलीला संस्थेपेक्षा स्पष्ट दिसत होती.

हीच रेघ एका मराठी मुलीलाही ओढावी लागली, आणि तीही अमेरिकेतल्याच एका कॉलेजाच्या वाटेवर. आनंदीबाई जोशी यांना डॉक्टर व्हायचे होते. १८८० च्या सुमारास गोपाळरावांनी मदतीसाठी रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याला पत्र लिहिले. वाइल्डर पूर्वी कोल्हापुरात काम करून गेलेले होते. त्यांच्या उत्तराचा रोख असा होता की दोघांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारावा, मग मदतीचे पाहू. हा पत्रव्यवहार त्यांनी आपल्या नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी दातांच्या डॉक्टरकडे थांबलेल्या असताना तो अंक वाचला आणि अनोळखी मुलीला पत्र लिहिले. त्यात अट नव्हती. १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी सांगून टाकले की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, आणि फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. तिथल्या डीन रेचल बॉडली यांनी त्यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली.

वाइल्डर आणि कार्पेंटर, दोघेही श्रद्धावान, दोघांनाही कदाचित भलेच करायचे होते. फरक इतकाच की एकाने विद्येच्या बदल्यात विद्यार्थिनीच्या आत जे आहे ते मागितले. विद्यार्थ्याकडून श्रम मागता येतात, वेळ मागता येतो, शिस्त मागता येते. त्याची श्रद्धा, त्याचे मत, त्याची निष्ठा मागता येत नाही. हे मागणारे दरवेळी धर्माच्याच नावाने येत नाहीत. ‘आम्ही तुला शिकवले’ या वाक्यामागून जात येते, घराणे येते, पक्ष येतो, कधी पुतळ्याला हार घालण्याचे आमंत्रण येते. हार्वर्डने १८८६ मध्ये विद्यार्थ्यांवरची सकाळच्या प्रार्थनेची सक्ती उठवली. त्याच वर्षी ११ मार्चला आनंदीबाई पदवीधर झाल्या. दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, पण एकाच वर्षात त्या शेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात.

आपल्याकडे पाळीचा खरा प्रयोग व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र राबत, एकाच पंगतीत जेवत. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ हे वाक्य तिथून महाराष्ट्रभर गेले. नेमक्या त्याच सुमाराला तमिळ मुलखात तिरुनेलवेलीजवळ शेरमादेवीच्या गुरुकुलावरून वादळ उठले होते. ते गुरुकुल व्ही. व्ही. एस. अय्यर या क्रांतिकारकाने काढलेले, राष्ट्रीय शिक्षणाचे. तिथेही विद्यार्थी अंगमेहनत करायचे. पण दोन ब्राह्मण मुलांची पाने वेगळी मांडली जात होती. देणगी काँग्रेसची, म्हणजे सगळ्यांची. पेरियार आणि वरदराजुलु नायडू यांनी जाब विचारला, आणि त्या भांडणाने तमिळ राजकारणाची दिशा बदलली. अय्यर खोटे नव्हते, देशासाठी त्यांनी पुष्कळ सोसले होते. पण कामाची पाळी समान आणि पंगत वेगळी असे चालत नाही, हे त्या वसतिगृहाने शिकवले. साताऱ्याच्या वसतिगृहाने तेच दुसऱ्या बाजूने शिकवले.

मद्रासने अन्नाच्या बाबतीत आणखी एक पाऊल टाकले. १९२० च्या सुमारास इथल्या महापालिकेने, तिरुवल्लिकेणीपासून फार दूर नसलेल्या थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण द्यायला सुरुवात केली. पुढे कामराज यांनी ती कल्पना राज्यभर नेली, १९८२ मध्ये एमजीआर यांनी तिला पौष्टिक आहार योजनेचे रूप दिले. वाराच्या पद्धतीचे हे खरे विसर्जन होते. मुलगा जेवतो, पण मान डोलावण्यासाठी समोर यजमान नाही. काहीजण म्हणतात, त्यामुळे कृतज्ञता गेली. मला तसे वाटत नाही. गेली ती मिंधेपणाची सवय. कृतज्ञता मिंधेपणाशिवाय उगवते की नाही, हे त्या मुलांनी पुढे काय केले यावरून कळते, जेवताना त्यांनी हात जोडले की नाही यावरून नाही.

आता उरले कर्ज. ते वारापेक्षा स्वच्छ वाटते. कोणाच्या घरी जायचे नाही, कोणाचा स्वभाव ओळखायचा नाही, कागदावर रक्कम, व्याज आणि मुदत. गरीब घरातल्या कितीतरी मुलांना त्यामुळेच कॉलेज दिसले, हे मी विसरत नाही. पण कर्ज एक गोष्ट मुकाट्याने ठरवून टाकते : शिक्षण ही गुंतवणूक आहे आणि ती परत यायला हवी. मग मुलगी कोणत्या विषयात रमते हे मागे पडते, हप्ता कोणत्या विषयातून निघेल हे पुढे येते. शिकून गावच्या शाळेत शिकवावे असे वाटणारा मुलगा आधी बेरीज करतो आणि मग वाटणे थांबवतो. मॅन्शनच्या खोल्यांतली घाई ही पुष्कळदा या बेरजेची घाई आहे. वाराने मुलाची मान वाकवली, कर्ज त्याची वाट वाकवते.

शिक्षण हे मुळात कर्ज आहे, या समजुतीला तपासून पाहण्यासाठी आनंदीबाईंच्या आयुष्याचा शेवट पुरेसा आहे. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती. त्या मायदेशी परतल्या त्या क्षय घेऊन. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वय पुरते बावीसही नव्हते. ज्या स्त्रियांसाठी त्या शिकल्या त्यांच्यापैकी एकीवरही कोल्हापुरात त्यांना उपचार करता आले नाहीत. कर्जाच्या भाषेत हा खाते बुडाल्याचा प्रकार आहे. कॉलेजने दिलेले, कार्पेंटरबाईंनी दिलेले, सगळेच परत न आलेले. तरीही असे कोणी म्हणत नाही. म्हणण्याची कल्पनाही आपल्याला ओंगळ वाटते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या आणि बाईंनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. ज्याने सर्वांत जास्त दिले त्याच्याकडे सर्वांत शेवटी आले ते हेच.

आनंदीबाईंच्या बाबतीत आपल्याला जे आपोआप कळते ते जगणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत कळेनासे का व्हावे? त्या परत काही देऊ शकल्या नाहीत तरी त्या बाकीदार राहिल्या नाहीत, हे खरे असेल, तर विद्यार्थ्याचे देणे परतफेडीत नसते. ते कशात असते याचे एक उत्तर फार जुने आहे. तैत्तिरीय संहितेत माणूस तीन ऋणे घेऊन जन्मतो असे म्हटले आहे. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे संततीने, आणि ऋषींचे ब्रह्मचर्याने, म्हणजे विद्यार्थी होऊन शिकण्याने. ते वचन ब्राह्मणापुरते बोलते. ती मर्यादा आपण टाकून द्यायची आणि विचार ठेवायचा. ऋषींना दक्षिणा पोचवा असे तिथे म्हटलेले नाही. शिकणे हीच फेड. ज्यांनी ज्ञान मिळवले त्यांचे देणे ते ज्ञान आपल्यात जिवंत ठेवून चुकते. या हिशेबात आनंदीबाईंनी आपले ऋण ११ मार्च १८८६ च्या आधीच फेडलेले होते, शवविच्छेदनाच्या टेबलापाशी, थंडीत, आजारपणात.

पण जो जगतो त्याच्यापुढे एक पाऊल उरते. शिकलेले जिवंत ठेवायचे तर ते दुसऱ्यात जावे लागते. गोपाळ कृष्ण गोखले यांना शिकवण्यासाठी थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःची शाळा सोडली आणि पंधरा रुपयांच्या पगारातले आठ रुपये ते धाकट्याला पाठवत. गोखल्यांनी ते पैसे भावाला फेडले असते तरी ते देणे फिटले नसते. त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीत महिना ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवण्याचे वचन पाळले आणि फर्ग्युसन कॉलेजात अशी मुले शिकवली ज्यांचा गोविंदरावांशी काही संबंध नव्हता. पुढे त्यांनी भारत सेवक समाज काढला. त्या वेळी तिरुवल्लिकेणीच्या पेरिय तेरूवरच्या, म्हणजे बिग स्ट्रीटवरच्या हिंदू हायस्कूलचे हेडमास्तर होते व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री. १९०७ मध्ये ते शाळा सोडून गोखल्यांच्या समाजात दाखल झाले, आणि १९१५ मध्ये गोखले गेल्यावर त्याचे अध्यक्ष झाले. तमिळ मास्तराने मराठी प्राध्यापकाला गुरू मानले. दोघांमध्ये एका रुपयाची देवघेव नव्हती, मातृभाषाही एक नव्हती. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका थोरल्या भावाचे आठ रुपये असे हात बदलत समुद्रकाठच्या या गल्लीपर्यंत आले.

म्हणून विद्यार्थ्याकडून काय मागावे असे कोणी विचारले तर मी तीन गोष्टी सांगेन. पाळी मागावी, पण ती श्रीमंताच्या आणि गरिबाच्या मुलाला सारखी असावी. मन मागू नये, कितीही दिले असले तरी. आणि परतफेड मागायचीच असेल तर ती आपल्याकडे वळवू नये. पुढे कोणाकडे तरी जाऊ द्यावी, आपल्याला नाव माहीत नसलेल्या कोणाकडे. कर्ज द्यावे लागेल तिथे द्यावे, पण ते इतकेच असावे की हप्ता भरणाऱ्याला शिकवण्याचीही ऐपत उरेल.

बिग स्ट्रीटवरची ती शाळा अजून भरते. सुटताना पोरे रस्त्यावर सांडतात, आणि मॅन्शनमधला एखादा जण बाल्कनीत उभा राहून, पुस्तकात बोट घालून, त्यांच्याकडे पाहत असतो.